डोळे उघडले की वेळ मोजा: तान्ह्या बाळाच्या दिवसभराच्या झोपेची आखणी

माझ्या मोठ्या मुलीला पहिले दोन महिने मी रोज दुपारी बाराला झोपवायला घ्यायचे. बाराला बाळ झोपतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. एखाद्या दिवशी ती सव्वाअकराला उठलेली असायची, मग मांडीवर टक्क डोळे उघडून माझ्याकडे बघत राहायची. दुसऱ्या दिवशी ती साडेनऊपासून जागी असायची, मग कमान करून ताठ व्हायची आणि रडून लाल व्हायची. मी दोन्ही दिवशी तासभर थोपटायचे आणि शेवटी मीच रडायचे. चूक एवढीच होती की मी घड्याळातल्या बाराकडे बघत होते. तान्ह्या बाळाची वेळ मोजायची ती त्याने डोळे उघडले तिथपासून.

हे सगळं पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या आणि वजन नीट वाढत असलेल्या बाळासाठी आहे. बाळ लवकर आलं असेल तर वय डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून धरा. दीड महिना आधी जन्मलेलं तीन महिन्यांचं बाळ झोपेच्या बाबतीत दीड महिन्याचंच असतं.

पहिली पायरी: तीन दिवस काही बदलू नका, फक्त लिहा

एक जुनी वही बाळाच्या अंथरुणाशेजारी ठेवा. चार गोष्टी लिहायच्या: कधी उठलं, कधी पाजलं, पहिली जांभई कधी दिली, कधी झोपलं. आजी, बाबा, जो कोणी बाळापाशी असेल त्याने लिहायचं. अंदाजे वेळही चालते. तीन दिवसांनी वही बघितली की घरात कुणालाच न दिसलेल्या गोष्टी दिसतात. आमच्या वहीतून कळलं की "ही दिवसभर झोपतच नाही" ही माझी तक्रार खरी नव्हती. ती दिवसात पाच वेळा झोपत होती, पण प्रत्येक वेळी अर्धाच तास, आणि तेही माझ्या खांद्यावर.

दुसरी पायरी: आपलं बाळ किती वेळ जागं राहू शकतं

बाळ जागं असतं तेव्हा त्याच्या मेंदूत झोपेची गरज साठत जाते. मोठ्या माणसाला ती साठायला पंधरा-सोळा तास लागतात, तान्ह्याला तासाभरात पुरते. ती पुरेशी साठण्याआधी झोपवायला गेलं तर बाळ खेळत बसतं. फार उशीर केला तर ते शांत होण्याऐवजी चेकाळतं, आणि चेकाळलेल्या बाळाला झोपवण्यासारखं अवघड काम घरात दुसरं नाही.

पहिल्या महिन्यात जागं राहण्याचा वेळ 40 ते 60 मिनिटांचा असतो, आणि त्यात पाजणंही आलं. अंगावर पाजायला अर्धा तास लागला, मग ढेकर, मग लंगोट, की उरतात दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात बाळाने आईचा चेहरा आणि फिरणारा पंखा बघितला की त्याचा खेळ झाला. दुसऱ्या महिन्यात हा वेळ तास ते सव्वा तास होतो. तीन-चार महिन्यांत सव्वा ते दोन तास, पाच-सहा महिन्यांत दोन ते अडीच, सात ते नऊ महिन्यांत अडीच ते साडेतीन, आणि वाढदिवस जवळ आला की तीन ते चार तास.

हे आकडे सुरुवात करण्यापुरते धरा. एका घरातल्या दोन भावंडांतही वीस मिनिटांचा फरक सहज असतो. साधारणपणे सकाळची पहिली जाग सगळ्यात लहान असते आणि संध्याकाळची शेवटची सगळ्यात लांब. शेजारणीच्या बाळाशी तुलना करावीशी वाटली तर जागेपणाच्या मिनिटांची करू नका, चोवीस तासांतल्या एकूण झोपेची करा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात तीन महिन्यांपर्यंत 14 ते 17 तास आणि चार ते अकरा महिन्यांत 12 ते 16 तास झोप धरली आहे, दिवसाच्या डुलक्या धरून. केवढी मोठी ही मर्यादा आहे बघा. बारा तास झोपणारं सहा महिन्यांचं बाळही निरोगी असतं आणि सोळा तास झोपणारंही.

तिसरी पायरी: झोपेवर आल्याच्या खुणा

आपल्याकडे "बाळ झोपेवर आलंय" असं म्हणतात, आणि अनुभवी आजीला ते लांबून कळतं. तिला कळतं ते असं: आधी बाळाची नजर हरवते. खुळखुळा समोर असतो, पण बाळ त्याच्या पलीकडे कुठेतरी बघत असतं. हातपाय संथ होतात. भुवया किंचित लाल दिसतात. आपण तोंड जवळ नेलं की ते मान वळवतं. हीच झोपवायला घ्यायची वेळ. जांभई, डोळे चोळणं आणि कान ओढणं त्यानंतर येतं, तेव्हाही जमतं. मुठी आवळणं, पाठीची कमान, किंचाळणं हे सगळं उशीर झाल्याचं लक्षण.

घड्याळ आणि खुणा दोन्ही हाताशी ठेवा. काही बाळं गर्दीत खुणा देतच नाहीत. बारशाच्या दिवशी माझी मुलगी अडीच तास सगळ्यांच्या हातांवरून फिरली आणि एकदाही रडली नाही. सगळे म्हणाले, किती गुणी बाळ. त्या रात्री ती दोन वाजेपर्यंत शांत झाली नाही. पाहुणे असले तर घड्याळावर जा, आणि बाळ आत नेण्याची जबाबदारी घरातल्या एका ठाम माणसावर सोपवा. ओल्या बाळंतिणीला "आता द्या बाळ" म्हणणं जड जातं.

चौथी पायरी: मालीश-आंघोळीभोवती दिवस बांधा

आपल्या घरांत दिवसाचा एक खुंटा आधीच ठोकलेला असतो, तो म्हणजे मालीशवाल्या मावशींची वेळ. बाळाची सगळ्यात गाढ झोप बहुतेक वेळा न्हाऊ-माखू झाल्यावरच लागते. म्हणून आखणी तिथून उलटी करायची.

समजा बाळ दोन महिन्यांचं आहे आणि सव्वा तास जागं राहतं. मावशी साडेदहाला येतात, मालीश आणि आंघोळीला 35 मिनिटं लागतात, नंतर पाजायला वीस. म्हणजे आंघोळ सुरू होण्याआधी बाळ फार तर वीस मिनिटं जागं असावं. ते साडेनऊपासून जागं असेल तर आंघोळीत आकांत होणार, आणि सगळे म्हणणार, याला पाणी आवडत नाही. पाणी आवडत असतं, ते फक्त दमलेलं असतं.

मावशी आल्या आणि बाळ गाढ झोपलेलं आहे, असं झालं तर त्यांना आधी आईचं अंग चोळून घ्यायला सांगा. आमच्या मावशींना हे एकदा सांगितलं, मग त्या दारातून आत येतानाच "उठलंय का?" विचारायच्या आणि त्याप्रमाणे तेल कुणाचं आधी गरम करायचं ते ठरवायच्या. बाळ नुकतंच पोटभर प्यायलं असेल तर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, नाहीतर मालीश करताना दूध बाहेर येतं. धुरीचा आग्रह मात्र नम्रपणे नाकारा. धूर कशाचाही असो, इवल्या फुप्फुसांना तो त्रासच देतो, आणि बाळ झोपतं ते मालीश, ऊबदार पाणी आणि दुधाने.

पाचवी पायरी: दिवस कोणता आणि रात्र कोणती

पहिले सहा-आठ आठवडे बाळ रात्रीचा दिवस करतं, कारण त्याचं अंतर्गत घड्याळ अजून चालू झालेलं नसतं. ते दोन-तीन महिन्यांत लागायला लागतं. तोवर आईच्या रात्रीच्या दुधात झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, असतं आणि दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. निसर्गाने केलेली ही सोय मला फार सुंदर वाटते.

आपण करायचं एवढंच: सकाळी पडदे उघडा, बाळाला खिडकीशी किंवा गॅलरीत सावलीच्या उजेडात न्या, दिवसा पाजताना बोला, कुकरची शिट्टी आणि घरचे आवाज चालू राहू द्या. रात्री झिरोचा दिवा, बोलणं नाही, लंगोट ओला असेल तरच बदलणं. दिवसाची एखादी झोप दोन-अडीच तासांच्या पुढे गेली तर हळूच उठवून पाजा. नवजात बाळाला चोवीस तासांत 8 ते 12 वेळा दूध लागतं आणि दिवसा राहिलेलं दूध ते रात्री मागून घेतं. जन्माच्या वेळचं वजन परत भरेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले दोन आठवडे, रात्रीसुद्धा दोन पाजण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका.

सहावी पायरी: झोपवायचं कुठे आणि कसं

इथे मी थोडी हट्टी आहे. झोप कमी-जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी भरून निघते, पण इथली चूक भरून निघत नाही.

बाळाला प्रत्येक झोपेला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं. उशी नाही, जड गोधडी नाही, कडेला मऊ लोड नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला, 1994 पासून त्याची देशभर मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथे पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास आली. मी वाचलेल्या वैद्यकीय माहितीत एवढ्या साध्या बदलाने एवढे जीव वाचल्याचं दुसरं उदाहरण नाही.

आता मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून प्रेमाने शिवलेली असते, माझ्या आईनेही शिवली होती. पण उशीने बाळाची मान पुढे वाकू शकते आणि नाक कापडात जाऊ शकतं. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, त्याला दिवसातून दोन-तीन वेळा पोटावर ठेवा. सुरुवातीला तीन मिनिटं पुरतात. मानही बळकट होते आणि बाळ छान दमतं.

झोळीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. झोळीत बाळ पटकन झोपतं हे खरं आहे, कारण तिथे ते पोटातल्यासारखं गुंडाळलेलं असतं. पण त्याच वाकलेल्या अवस्थेत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, शिवाय कापड तोंडाशी असतं. मोठीच्या वेळी आमच्याकडे झोळी होती. धाकट्याच्या वेळी मी ती बांधू दिली नाही आणि त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. तुमच्या घरी झोळी टाळणं शक्यच नसेल, तर निदान एवढं करा: बाळ झोळीत असेतोवर मोठं माणूस शेजारी बसलेलं असावं, डोळा लागला की त्याला सपाट जागी ठेवावं, आणि बाळ कुशीवर वळायला लागलं की झोळी कायमची सोडावी.

दुपट्यात गुंडाळलं तर नवजात बाळं कमी दचकतात. छातीशी दोन बोटं जातील इतपत सैल आणि मांड्या मोकळ्या ठेवा. पालथं पडायची खटपट दिसली की, साधारण तीन-चार महिन्यांत, गुंडाळणं बंद. उन्हाळ्यात पंखा लावायला घाबरू नका, आणि घरात झोपताना टोपरं काढा. आपल्याकडे बाळ आईजवळ झोपतं आणि जवळ असणं चांगलंच आहे. सगळ्यात सुरक्षित म्हणजे त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या गादीवर. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन आपण झोपी जाणं मात्र अतिशय धोक्याचं.

साडेतीन महिन्यांच्या बाळाचा एक खरा दिवस

माझ्या धाकट्याच्या वहीतला हा दिवस. 6:40 ला उठला, प्यायला, गॅलरीत कबुतरं बघितली, 8 ला झोपला. 8:40 ला उठला. 9:20 ला मालीश-आंघोळ, मग दूध, आणि 10:15 ते 12 गाढ झोप. दीड तास जागा, त्यात पोटावर खेळणं आणि आजोबांच्या गप्पा. 1:30 ते 2:15 झोप. पुढची 3:55 ते 4:55. मग खाली फेरफटका. 6:35 ला आजीच्या खांद्यावर पंचवीस मिनिटं. 7 ते 8:45 जागा, शेवटचा तास मंद उजेडात, आणि मग रात्रीची झोप, मध्ये दोनदा दूध. दिवसाच्या पाच डुलक्या मिळून सुमारे साडेचार तास.

हा दिवस छापून भिंतीवर लावू नका, कारण दुसऱ्या दिवशी तो आंघोळीनंतर चाळीसच मिनिटं झोपला. 10:15 ला झोपून 10:55 ला उठला. मग दुपारच्या झोपेची 1:30 ची वेळ धरून बसलो असतो तर दोघांचेही हाल झाले असते. 10:55 मध्ये दीड तास मिळवला आणि 12:25 ला त्याला झोपवायला घेतलं. पूर्ण आखणी म्हणजे ही एवढीच बेरीज, दिवसातून चार-पाच वेळा नव्याने केलेली.

झोप अर्ध्या तासात मोडते तेव्हा

पाच-सहा महिन्यांपर्यंत 30 ते 45 मिनिटांच्या डुलक्या अगदी नेहमीच्या. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन 45-50 मिनिटांचं असतं, त्याच्या शेवटी झोप उथळ होते आणि पुढच्या आवर्तनात सरकण्याची कला अजून आलेली नसते. म्हणून चुळबुळ ऐकताच उचलू नका. नवजात बाळाची निम्मी झोप हालचालींची असते: ते कण्हतं, हसतं, डोळे किलकिले करतं, आणि झोपलेलंच असतं. दोन मिनिटं थांबा. खरंच रडलं तर जा.

दिवसातली एक झोप, बहुतेक दुपारची, थोपटून किंवा छातीशी घेऊन लांबवायला हरकत नाही. सवय लागेल ही भीती पहिल्या तीन-चार महिन्यांत मनातून काढून टाका. त्यानंतर दिवसातून एकदा बाळ पेंगुळलेलं पण जागं असताना खाली ठेवून बघा. पाच मिनिटांत जमलं नाही तर उचला, उद्या पुन्हा.

तिन्हीसांजेचं रडणं

संध्याकाळी सहा ते नऊ बाळ काही केल्या ऐकत नाही, हे जवळजवळ प्रत्येक घरात घडतं. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. घरच्यांना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, फक्त मीठ-मोहरी जाळल्याचा धूर बाळाच्या खोलीत नको. त्याबरोबर वही बघा. दिवसभरात झोप तुटक झाली असेल तर साडेपाच-सहाला एक छोटी डुलकी, कडेवर का होईना, मिळवून द्या. टीव्ही बंद, दिवे मंद, आणि बाळ एकाच माणसाच्या हातात. सगळं करूनही रडलं तर तुम्ही चुकलेला नाहीत. सहनशक्ती संपली असं वाटलं तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला गदागदा हलवणं कधीही, क्षणभरही नाही.

डुलक्या कमी होतात, आणि आई कामावर जाते

चार-पाच डुलक्यांच्या पाच-सहा महिन्यांत तीन होतात, सात ते नऊ महिन्यांत दोन, आणि सव्वा ते दीड वर्षाच्या दरम्यान एक. संध्याकाळची शेवटची डुलकी आठवडाभर रोज नाकारली जाते तेव्हा ती सोडायची वेळ आली समजा. एका दिवसाच्या हट्टावरून ठरवू नका. मधले काही आठवडे रात्रीची झोप अर्धा तास अलीकडे घ्या.

नेमक्या याच काळात बाळंतपणाची रजा संपते. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण तिचा काही भाग बाळंतपणाआधी गेला असेल तर बाळ चार-पाच महिन्यांचंच असतं. कामावर जाण्याआधी दोन-तीन आठवडे दिवसातली एक झोप आजीने किंवा सांभाळणाऱ्या ताईंनी लावावी, आईने दुसऱ्या खोलीत बसावं. पाळणाघर बघायला जाल तेव्हा खेळण्यांआधी झोपायची जागा बघा. बाळं पाठीवर झोपवतात का, झोपेत कुणी लक्ष ठेवतं का, उठल्या-झोपल्याची वेळ लिहून देतील का, हे विचारा.

लसीच्या दिवशी, म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, आखणी बाजूला ठेवा. काही बाळं पेंगतात, काही किरकिरतात. दोन दिवसांत गाडी रुळावर येते.

डॉक्टरांकडे कधी

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा जास्त ताप, उठवूनही न उठणं, दूध सोडणं, पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटणं, रोजचं घोरणं: यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. झोप यावी म्हणून जायफळ उगाळून, घुटी, मध किंवा कुणी सुचवलेलं औषध देऊ नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं वरचं दूध. आणि आईचं मन दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, तर तेही डॉक्टरांनाच सांगायचं.

एक झोप आईच्या नावाने राखून ठेवा. आंघोळीनंतरची सगळ्यात लांब असते, तीच घ्या. त्या वेळात धुणं, फोन, आल्यागेल्याचा चहा यातलं काहीही तिच्याकडे येणार नाही, हे घरात आधीच बोलून ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.